डावं पुढचं चाक

१

सकाळी आठला शटर वर जायचं आणि सव्वाआठपर्यंत मावशीचं पहिलं भांडण उरकलेलं असायचं. कधी टायरवाल्याशी, कधी चुकीचा पार्ट आणून वर हसणाऱ्या टेम्पोवाल्याशी, आणि दुसरं कुणी नाहीच सापडलं तर धाकट्या भावाशी. भाऊ चहाचा कप घेऊन गाडीच्या पलीकडे उभा राहायचा. मध्ये एखादी गाडी असली की बहिणीचं बोलणं निम्मंच लागतं, असं त्याचं म्हणणं होतं.

गॅरेज वडिलांचं. ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता पोरगी गॅरेजला कुलूप लावणार. पोरीनं जुनं कुलूप काढून नवीन मोठं लावलं आणि दुसऱ्या दिवशी बरोबर आठला उघडलं. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली होती. इंजिन, वायरिंग, गिअर ही कामं भाऊ बघायचा. मावशीचं राज्य पुढच्या दोन चाकांवर. स्टेअरिंग ओढतंय, थरथरतंय, चाक सैल वाटतंय, अशी तक्रार आली की बाकीचे गॅरेजवाले सरळ सांगायचे, "मावशीकडे जा. शिव्या खाशील, पण गाडी सरळ जाईल."

त्या दिवशी भांडणाच्या आधीच गाडी आली. पांढरी, छोटी, धुळीनं माखलेली. तिच्यातून तिशीतली एक नर्स उतरली. डोंगरावरच्या वस्त्यांवर फिरून बाळंतपणं आणि औषधपाणी बघायचं तिचं काम. सगळे तिला सिस्टर म्हणायचे.

"मावशी, स्टेअरिंग हातात राहत नाही."

"कुठे जातं मग?"

सिस्टर हसली नाही. "डावीकडे. आणि उतरताना दरी डावीकडेच असते."

मावशीनं हात पुसले. "आधी कुठे दाखवलं?"

"तीन ठिकाणी. बेअरिंग बदललं, बॉल जॉइंट बदलले, टायरॉडची टोकं बदलली. अलाइनमेंट दोनदा झाली."

"म्हणजे तिघांनी पार्ट बदलले. गाडी कुणीच बघितली नाही."

भावानं कपामागून विचारलं, "कुठे ठोकली होती का?"

"आठ वर्षं मीच चालवतेय. ओरखडासुद्धा नाही. घेतली तेव्हा नवीच होती."

"मग हे सुरू कधी झालं?"

"पंधरा दिवस झाले. वस्तीवरून खाली येत होते. सरळ रस्ता, लख्ख ऊन. एकदम असं वाटलं की..."

"काय वाटलं?"

"काही नाही. चाक सैल वाटलं."

मावशीनं ते 'काही नाही' ऐकून घेतलं आणि गाडीची किल्ली मागितली.

चाळीसच्या वेगाला स्टेअरिंग थरथरलं. पन्नासला गाडी डावीकडे ओढायला लागली. इथवर सगळं ओळखीचं होतं. असल्या गाड्या मावशीनं शेकड्यांनी पाहिल्या होत्या. साठला मात्र थरथर थांबली. स्टेअरिंग हलकं झालं, आणि ते हलकं होणं चक्क बरं वाटलं. जड कपाट एकटीनं ओढत असावं आणि पलीकडची बाजू कुणीतरी न सांगता उचलावी, तसं. वजन बरोबर निम्मं झालं होतं.

मावशीनं ब्रेक दाबला. रिकाम्या रस्त्यावर गाडी उभी करून ती थोडा वेळ आपल्या दोन हातांकडे बघत बसली.

"वयाचं काहीतरी असणार," ती स्वतःला म्हणाली, आणि स्वतःचाच तिला राग आला.

२

गाडी जॅकवर घेतली, खाली टेकूला लोखंडी घोड्या लावल्या. यापुढचं काम मावशी डोळे मिटून करायची, आणि खरोखरच मिटून करायची. चाक दोन हातांत धरायचं. एक हात वर, घड्याळात बारा असतात तिथे. दुसरा खाली, सहावर. वरून ढकलायचं, खालून ओढायचं. नको ती हालचाल हाताला लागली की तिला गॅरेजात 'प्ले' म्हणतात. बारा-सहावर प्ले लागला तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट. मग हात आडवे, नऊवर आणि तीनवर. तिथे लागला तर स्टेअरिंगचे सांधे.

उजवं चाक दगडासारखं घट्ट होतं.

डावं धरलं. ढकललं, ओढलं. खट. खट.

"प्ले आहे," मावशी म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. "आता कुठून आहे ते बघू. तू हलव, मी खाली जाते."

भावानं चाक हलवायला घेतलं. मावशी पाठीवर सरकत गाडीखाली गेली आणि एकेका सांध्यावर बोटं ठेवू लागली. सैल सांधा बोटाखाली कळतोच, चिमटा काढल्यासारखा. बॉल जॉइंट शांत. टायरॉडचं टोक शांत. बेअरिंग जिथे बसतं तो हब, त्याच्यामागचे रबरी बुश, सगळं शांत.

"हलवतोयस ना रे?"

"मग काय करतोय? आवाज येत नाही का?"

आवाज येत होता. खट, खट. टायरही तिच्या नाकासमोर आत-बाहेर होत होता. पण तो टायर ज्या रिमवर, ती रिम ज्या हबला, तो हब ज्या दांड्याला जोडलेला, त्यातलं काहीच हलत नव्हतं. मावशीनं पुन्हा पहिल्यापासून बोटं फिरवली. मग तिसऱ्यांदा. एखादी बेरीज तीनदा करून तीनदा वेगळी यावी, तसं तिला झालं.

"थांब," ती म्हणाली.

भावानं हात काढले. त्याचे बूट दोन पावलं मागे गेलेले तिला खालून दिसले.

खट.

मावशी गाडीखालून बाहेर सरकली.

"स्प्रिंग बसली असेल," भाऊ म्हणाला.

"हो."

स्प्रिंग बसते तेव्हा कसा आवाज येतो, ते दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

३

दुपारभर मावशीनं ती बाजू पार खोलली. प्रत्येक भाग पुसून उजेडात धरला, मोजला. सगळे भाग नवे, सगळे ठीक. आधीच्या तिघा मिस्त्रींना तिनं मनातल्या मनात दिलेल्या शिव्या निमूटपणे परत घेतल्या. सगळं पुन्हा बसवलं, चारही नट मापाच्या पान्यानं आवळले आणि पिवळा रंग घेऊन प्रत्येक नटपासून रिमपर्यंत एकेक बारीक रेघ ओढली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटणार.

आता चाक हलत नव्हतं. चक्कर मारली तर गाडी सुतासारखी सरळ गेली. मावशीनं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून घरी गेली.

सकाळी शटर उघडल्यावर ती चहासुद्धा न घेता आधी त्या चाकापाशी गेली.

चारही रेघा तुटल्या होत्या. चारही नट मागे फिरले होते, प्रत्येक अगदी सारखा, घड्याळात पाच मिनिटं मागं यावीत इतका.

मावशी उकिडवी बसली. नट आपोआप सैल होतात, यात नवल काही नाही. पण ते कसेही होतात. एक जास्त, एक कमी, एखादा होतच नाही. इतक्या शिस्तीत ते सैल होत नसतात. हे कुणीतरी उघडायला घेतलं होतं, आणि ते काम जाणणाऱ्यानं घेतलं होतं. आधी सगळे थोडेथोडे ढिले करायचे, मगच एकेक काढायचा. मावशी स्वतः असंच उघडायची.

"तू रात्री आला होतास?"

"मी? रात्रभर घरी होतो. भावजयीला विचार तुझ्या. माझ्या घोरण्यामुळे ती जागीच असते."

"दुसरी किल्ली?"

भावानं खिशातून काढून दाखवली. मग चाकाकडे बघितलं, रेघांकडे बघितलं आणि किल्ली परत खिशात टाकून तो चाकापासून लांब सरकला.

मावशीनं नट पुन्हा आवळले, रेघा नव्यानं ओढल्या. स्टूल घेऊन चाकासमोर बसली. दुपारपर्यंत बसली. तिच्या देखत काहीही झालं नाही. बाकी गिऱ्हाइकं आली आणि मावशी भांडत नाही हे बघून काळजीत पडून परत गेली.

४

मग इतर गोष्टी सुरू झाल्या. एकेक घेतली तर कुणी लक्षही देणार नाही अशा.

भावाच्या कपाचा कान हातात आला. टेबलाला बसवलेल्या शिकंज्याची मूठ डुगडुगायला लागली. ऑफिसच्या दाराची बिजागरी निसटली. वीस वर्षांत तिनं कधी कुरकूरही केली नव्हती. मावशीनं स्क्रू आवळले, मूठ ठोकली, नवा कप आणवला. गाड्या ठोकाठोकीनं हादरतात, त्या हादऱ्यांनी जागाही सैल होते, एवढं साधं आहे, असं ती भावाला दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना तिची जीभ खालच्या एका दाताला लागली. दात हलला. आत, बाहेर. कवटीच्या आत कुठेतरी, कानाच्या अगदी जवळ, तो आवाज झाला.

खट.

आरशासमोर उभी राहून मावशीनं तोंड घट्ट मिटलं. भीती वाटली हे खरं. पण भीतीच्या पाठोपाठ जे आलं ते जास्त मोठं होतं, आणि तो निव्वळ संताप होता. माझ्या गॅरेजात. माझ्या तोंडात.

गॅरेजात भाऊ आधीच येऊन उभा होता. आज त्याच्या हातात कप नव्हता आणि दोघांच्या मध्ये गाडीही नव्हती.

"ताई, ही गाडी परत दे. हात जोड आणि सांग, जमलं नाही."

"कधी म्हटलंय मी असं?"

"नाही म्हटलंस, म्हणूनच सांगतोय. एकदा म्हण." त्याचा आवाज खाली आला. "काल घरी जाताना माझी गाडी डावीकडे गेली. माझी गाडी, ताई. मुलं मागे बसली होती."

तेवढ्यात फोन वाजला. सिस्टर होती, आणि घाईत होती.

"मावशी, वरच्या वस्तीवर एक पहिलटकरीण अडलीय. पाय सुजलेत, डोकं ठणकतंय म्हणते. मला अकराला निघायलाच हवं. गाडी झाली नसेल तरी द्या."

"अँब्युलन्स?"

"ती पायथ्यापर्यंतच येते. पुढचा रस्ता अरुंद आहे. वरून खाली माझीच गाडी."

"अकराला या," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

"ताई!"

"परत दिली तर ती ही गाडी चालवणारच. ऐकलंस ना? मग सैल चाक तिच्या हातात. आत्ता निदान माझ्या हातात आहे." तिनं बाह्या वर केल्या. "जॅक लाव. आणि आत बसून ब्रेक दाबून ठेव. काहीही झालं तरी पाय काढायचा नाही."

"काहीही म्हणजे काय?"

"मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?"

५

बाहेर स्वच्छ ऊन होतं. शेजारच्या दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं. मावशी डाव्या चाकासमोर गुडघ्यावर बसली, एक हात बारावर ठेवला, दुसरा सहावर, आणि या खेपेला तिनं चाक हलवलं नाही. नुसतं धरून ठेवलं.

पत्रा कापायचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला.

मग चाक हललं.

वरून ढकललं गेलं, खालून ओढलं गेलं. हलकेच, घाई न करता. दोनदा. थोडं थांबून आडवं, नऊ आणि तीन. पुन्हा दोनदा. मावशीच्या मनानं झटपट कारणं पुढे केली: भाऊ स्टेअरिंग हलवतोय, जॅक घसरतोय, जवळून ट्रक गेला. भाऊ काचेतून तिच्याकडे बघत होता, दोन्ही हात डोक्यावर धरून. जॅक जागेवर होता. रस्ता रिकामा होता.

पुन्हा बारा-सहा. आणि तेव्हा तिला कळलं. ही ओढाताण नव्हती. हिसकाहिसकी तर मुळीच नव्हती. ही तपासणी होती. चाकाच्या पलीकडून कुणीतरी चाक धरलं होतं आणि अलीकडे काय सैल आहे ते बघत होतं.

तो दाब तिच्या मनगटांत आला. मनगटं बघून झाली. कोपरांत आला, तिथे रेंगाळला, पुढे सरकला. उजव्या खांद्यात जुनी दुखापत होती. शिडीवरून पडली होती, आणि ते तिनं भावालाही कधी सांगितलं नव्हतं. तो खांदा सापडला. तिथे दोनदा दाब आला, मिस्त्री खडूनं खूण करतो तसा. मग मानेकडे.

प्ले सापडला की पुढे काय करतात, हे मावशीइतकं कुणाला ठाऊक असणार? पुढे उघडतात.

तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. हात सोडावेत, मागे सरकावं, शटर ओढावं आणि पुन्हा या रस्त्याला फिरकू नये, असं तिला वाटलं. खरंच वाटलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिनं मान खाली घालून मडगार्डच्या आत नजर टाकली.

टायरची आतली बाजू. वर, बाराच्या जागी, रबर आत दबलेलं होतं. चार खड्डे, एकमेकांना चिकटून, घट्ट पकडीचे. खाली, सहाच्या जागी, आणखी चार. खड्ड्यांत काहीही नव्हतं. पाचवा खड्डाही तिला दिसला, पण अंगठा ज्या बाजूला असतो त्या बाजूला तो नव्हता.

मावशीनं नजर वर घेतली आणि डोळे मिटले. काम असंच करायची सवय होती तिला.

"झालं बघून?" ती म्हणाली. आवाज फाटका निघाला म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, गिऱ्हाइकाला दटावतात तशा आवाजात. "झालं बघून? मग आता माझी पाळी."

आणि तिनं ढकललं.

बारा-सहा. जोर लावून, पण आंधळा जोर नाही. बेचाळीस वर्षं जसं ढकललं तसंच. टायरच्या पलीकडे, हबच्या पलीकडे, गाडी जिथे संपते त्याच्याही पलीकडे तिनं हाताला ऐकायला लावलं. काही नाही. घट्ट. हात आडवे केले. नऊ-तीन. ढकललं, ओढलं. पलीकडचा दाब वाढला, तिच्या बोटांची कातडी सोलली गेली. ती हटली नाही. पुन्हा ढकललं.

खूप आत, फार लांब, काहीतरी निसटतं हललं. तो आवाज गाडीचा नव्हता.

"प्ले आहे," मावशी मोठ्यानं म्हणाली. दात ओठांवर रोवून ती हसत होती. "तुझ्यातही आहे. सापडला बघ मला."

एका झटक्यात चाक मोकळं झालं. मावशी मागे आपटली. उठून तिनं आधी मडगार्डखाली पाहिलं. रबरातले खड्डे हळूहळू भरून येत होते, उशीवरून डोकं उचलल्यावर उशी भरते तसे.

भाऊ दार उघडून बाहेर आला. "कुणाशी बोलत होतीस?"

"ब्रेकवरून पाय काढलास?"

"नाही."

"शाबास," मावशी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्याला ते म्हटलं होतं, आणि त्यानंच तो जास्त घाबरला.

६

अकराला सिस्टर आली तेव्हा मावशी ड्रायव्हरच्या जागी बसलेली होती.

"तुम्ही कुठे?"

"जिचं स्टेअरिंग मी धरणार नाही ती गाडी मी बाहेर सोडत नाही. बसा."

शहर संपेपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. चढ लागला, तिसरं वळण आलं, आणि स्टेअरिंग हलकं झालं. वजन निम्मं. पलीकडची बाजू कुणीतरी न सांगता उचलली.

"सोड," मावशी पुटपुटली. "माझं मला पेलतं."

सिस्टर तिच्या हातांकडे बघत होती. दंडांच्या शिरा टरारून फुगल्या होत्या आणि गाडी तर नुसती सरळ चालली होती.

"मावशी, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं," सिस्टर हळूच म्हणाली. "मला असं वाटलं की कुणीतरी म्हणतंय, दमलीस, दे इकडे, मी धरते. इतक्या मायेनं म्हणतंय की..."

"दिलंत?"

"क्षणभर."

"पुन्हा द्यायचं नाही." मग वळण घेताघेता तिचं अहो-जाहो गळून पडलं. "ऐकलंस? कितीही गोड बोललं तरी द्यायचं नाही."

वस्ती म्हणजे सात-आठ घरं, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. पहिलटकरणीचं घर सर्वांत वरचं. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, समोर सपाट केलेलं अंगण. नवरा अंगणातच येरझाऱ्या घालत होता. सिस्टर पेटी घेऊन धावत आत गेली. मावशी उतरली नाही. इंजिन बंद होतं, गाडी हँडब्रेकवर उभी होती आणि स्टेअरिंग तिच्या मुठीत जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे होत होतं.

"आत येऊन बसा की," नवरा म्हणाला. "पाणी तरी घ्या."

"इथंच बरी आहे."

एक तास गेला. आणखी अर्धा गेला. आतून बाईच्या कण्हण्याचा आवाज येई, सिस्टरचा धीराचा आवाज येई, सासूची धावपळ ऐकू येई. मावशीच्या हातांना मुंग्या आल्या. पकड थोडी ढिली केली की पलीकडून लगेच चाचपलं जायचं. मग ती पुन्हा आवळायची. सूर्य काचेवरून छपरावर गेला.

आणि मध्येच सगळं थांबलं. स्टेअरिंग नुसतं स्टेअरिंग झालं. थंड, जड, मुकं.

त्याच क्षणी आत मूल रडलं.

७

सिस्टर बाहेर आली ती घामानं भिजून. "मुलगी झाली. पण आईचं बीपी उतरत नाही. दोघींना आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं."

सिस्टर चालवणार. मागच्या सीटवर बाळंतीण आडवी, डोकं सासूच्या मांडीवर. पुढे नवरा, कापडात गुंडाळलेली मुलगी घेऊन. एवढ्यातच गाडी भरली.

"मावशी, तुम्ही कशा येणार?"

"थांब जरा." मावशी डाव्या चाकापाशी बसली. हात लावला, जीव खाऊन हलवलं. आवाज नाही. पिवळ्या रेघा अखंड. बेचाळीस वर्षांत इतकं घट्ट चाक तिच्या हाताला लागलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण ते गेलं असेल तर गेलं कुठे, हा प्रश्न तिच्या हातांनीच तिला विचारला.

तिनं मान वळवली.

घराचं दार उघडं होतं. वारा नव्हता, दोरीवरचे कपडे सरळ लोंबत होते. दार किंचित वर उचललं गेलं, आणि खाली बसलं. मग आडवं, जरासं, चौकटीतल्या चौकटीत. दोनदा. बाकी सगळे गाडीत बसत होते, त्यामुळे कुणाचं लक्ष नव्हतं. मग चौकटच हलली. मग दाराच्या वरचा पत्रा.

"मावशी?"

"गाडी ठीक आहे. सरळ जा, दोन्ही हातांनी धर." मावशी उठली. "मी येते मागून चालत."

सासूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "घर उघडंच राहिलं हो. बाहेरून कडी घाला तेवढी."

"घालते."

गाडी अंगणातून उतरली. मावशी कडेला उभी राहून बघत राहिली. पहिलं वळण. दरी डावीकडे. गाडी रस्त्याच्या मधोमध गेली, जशी काही रेघ आखून ठेवली होती. दुसरं वळण. सरळ. तिसऱ्या वळणानंतर ती दिसेनाशी झाली.

कडी घालून ती निघू शकली असती. उतार होता, ऊन उतरत होतं, तासाभरात पायथा आला असता. दोन-तीन दिवसांनी ती माणसं परत आली असती. कडी काढून, त्या एवढ्याशा जिवाला घेऊन याच दारातून आत गेली असती. त्या पोरीचे तर सगळेच सांधे अजून मऊ होते.

फोन वाजला. भाऊ होता. "ताई, पोचलात? सगळं नीट?"

"पोचलो. मुलगी झाली. गाडी खाली येतेय. पायथ्याशी जाऊन थांब, लागलं तर हात दे त्यांना."

"आणि तू?"

मागे पत्रा खडखडला. एकदा, आडवा.

"मला थोडं काम निघालंय इथे."

"कसलं काम? ताई, मी येतो."

"तू पायथ्याशी थांब म्हटलं ना," मावशी म्हणाली, आणि तिनं फोन बंद करून अंगणातल्या दगडावर ठेवला.

ती घरात गेली. दोन्ही खोल्यांत औषधाचा आणि उकळलेल्या पाण्याचा वास होता. खाटेवरची चादर अजून ओली होती. कोपऱ्यात कुणीतरी बाळासाठी आधीच शिवून ठेवलेली दोन झबली घडी करून ठेवलेली होती. मावशीनं दार आतून लावलं, कडी घातली. अंधार झाला. मग फटींतून उजेडाच्या बारीक पट्ट्या जमिनीवर आल्या, आणि त्या पट्ट्या जागेवर स्थिर नव्हत्या.

दाराच्या फळीत, तिच्या छातीच्या उंचीवर, लाकूड आत दबायला लागलं. चार खड्डे.

या खेपेला मावशीनं डोळे मिटले नाहीत.

"ये," ती म्हणाली. "ते परत यायच्या आत उरकू."

आणि तिनं आपली बोटं त्या खड्ड्यांत घातली.